आबांचा दम

आबा पाण्याखाली गेले की विहिरीच्या काठावर कुणी बोलायचं नाही, असा आमच्याकडं दंडक होता. तोंड उघडायची मुभा फक्त मोजणाऱ्याला, आणि ती मोजणारी मी. एक आकडा म्हणजे एक मेंढरू, हे आमचं माप. सकाळी वाघरीचं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीचं, तोंड जरासं उघडलं की मेंढरं एकामागं एक बाहेर पडतात. एक पुरतं बाहेर पडून त्याची शेपटी दिसल्याशिवाय दुसऱ्याचा आकडा घ्यायचा नाही, असं आबांनी मला बजावलं होतं. आता त्यांची मेंढरं माझ्या जन्माच्याही आधी विकली गेलेली. त्यामुळं मी काठावर मांडी घालून, डोळे मिटून, कधीच न पाहिलेली मेंढरं मोजायची. पुढं माझ्या धाकट्या मुलीला बारामतीच्या तलावात पोहायला घातलं, तेव्हा बाकीच्या आया काठावर बसून आपापल्या पोरांचं कौतुक बघायच्या आणि मी बाहेर रस्त्यावर उभी राहायची. मुलीला वाटतं, मला पाण्याची भीती आहे. वाटू दे.

आम्ही बारामतीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. वडील एमआयडीसीत पाळीनं कामाला, त्यामुळं आमच्या घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं आणि बाकीच्यांनी हळू बोलायचं असायचं. नळाला पाणी तासभर. ते भरून ठेवण्यात आईची सकाळ जायची, आणि एखादी बादली कुणी लवंडली तर संध्याकाळही जायची. असल्या घरातून उन्हाळ्याच्या सुट्टीत वरकुट्याला आबांकडं, माझ्या आजोबांकडं, जायचं म्हणजे मोकळं ओरडायला मिळणार, एवढंच मला कळायचं. इंदापूरच्या स्टँडावर गाडी बदलायची. तिथं आई मला उसाचा रस पाजायची आणि स्वतः 'मला नको, दात शिवशिवतात' म्हणून माझ्याच ग्लासातला निम्मा प्यायची.

फाट्यावर एसटी वळताना हळू व्हायची. तिथून थांब्यापर्यंत दोन-तीनशे पावलांचा कच्चा रस्ता होता. आबा फाट्यावरच्या बाभळीखाली धोतराचा काचा मारून, वहाणा काखेत धरून उभे असायचे. गाडी वळली रे वळली की ते तिच्या बाजूनं पळायला सुरुवात करायचे. मी खिडकीतून हात बाहेर काढायची, ते पळता पळता माझ्या हाताला टाळी द्यायचे, आणि आई मागून माझा फ्रॉक ओढत 'अगं हात तुटंल' म्हणून ओरडत असायची. कंडक्टर त्यांना ओळखायचा. दारातून वाकून म्हणायचा, "आबा, तिकीट काढा!" त्यावर आबा पळतच सांगायचे, "अर्धं द्या, माझं बी दात पडल्यात!" सगळी गाडी हसायची. थांब्यावर ते आमच्या आधी पोचलेले असायचे आणि जसं काही मघापासून तिथंच उभे आहेत, अशा चेहऱ्यानं आम्हाला विचारायचे, "लई उशीर केला?"

घरात आबा, तात्या म्हणजे माझे चुलते, काकी, आणि त्यांचा मुलगा दत्ता, माझ्याहून वर्षानं लहान. आजी फार आधी गेलेली. घर साधंच, चार खण आणि पुढं ओसरी, पण घराला आवाज फार. चुलीवर काकी भाकरी थापायची त्याचा आवाज, वीज आली की विहिरीवरची मोटर घुमायला लागायची तो आवाज, आणि या सगळ्यावर आबांचं बोलणं. काकी हुलग्याचं माडगं करायची, लसणाची फोडणी दिलेलं, वाटीला तोंड लावून भुरकायचं. ते भुरकताना कुणाचा आवाज मोठा, याची आबा शर्यत लावायचे आणि स्वतःच जिंकायचे. तात्या गंभीर माणूस. ते म्हणायचे, "आबा, वयाचं तरी बगा." आबा आपल्या दंडाकडं बघायचे, पोटऱ्यांकडं बघायचे आणि म्हणायचे, "बगितलं. बरं हाय की."

वय त्यांचं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. साठीच्या पुढचे होते, पण अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हातांवर चालत जायचे. धोतर घसरू नये म्हणून आधी त्यावर काकीच्या लुगड्याची चिंधी बांधायचे, आणि काकी लाजून आत पळायची. पाण्यावर उताणे पडून, मांडी घालून, पोटावर कांदा-भाकरी ठेवून जेवायचे. कडुनिंबाची एक फांदी विहिरीवर आली होती, तिच्यावरून मुटका मारला की पाणी वर उडून काठावरच्या दगडी थारोळ्यापर्यंत यायचं आणि भिंतीतले पारवे सगळे एकदम उठायचे. पण या सगळ्यापेक्षा त्यांचा खरा खेळ दमाचा. मी पांढरी गारगोटी पाण्यात टाकायची, ती दिसेनाशी झाली की आबा बुडी मारायचे आणि तळातून तीच गारगोटी घेऊन यायचे, दातात धरून. तरुणपणी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते कोकणात उतरायचे, वाटेत नद्या, ओढे, डोह. मेंढरू पाण्यात पडलं की मागं उडी घ्यायची. तिथं दम तयार झाला, असं ते सांगायचे. "मेंढराला सांगता येत न्हाय न्हवं, जरा थांब, म्हातारा दम घेतोय म्हणून."

पोहायला त्यांनीच मला शिकवलं. पाठीला वाळका भोपळा बांधला आणि ढकलून दिलं. मी रडले, ओरडले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि तिसऱ्या दिवशी भोपळा सुटला तरी मला कळलं नाही. चार उन्हाळे मी त्या विहिरीत अक्षरशः राहिले. पाचव्या उन्हाळ्याच्या आधी आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता मोठी झालीस, आता विहिरीत उतरायचं नाही. काकीनंही तेच सांगितलं. दत्ता उड्या मारत होता आणि मी काठावर बसून नखानं दगड उकरत होते. आबांनी ते पाहिलं. बायकांच्या शब्दापुढं त्यांचं चालणार नव्हतं, पण त्यांनी वाट काढली. "संगे," ते म्हणाले, "पवणारी लई हाईत. मला मोजणारी पायजे. दत्त्याला दहाच्या म्होरं येत न्हाय." अशी मला ती जागा मिळाली. मला अजून वाटतं, त्या सुट्टीत मला दुसरं काहीच नव्हतं.

आबांचा आणखी एक उद्योग होता, त्याला घरात नाव नव्हतं. कधीतरी कुणी सायकलवरून यायचं, अंगणात न येता बांधावरच थांबायचं आणि नुसतं विचारायचं, "आबा हाईत का?" काकी लगेच आम्हाला आत घ्यायची. आबा काही न विचारता टॉवेल खांद्यावर टाकून निघायचे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर, पार लोणी देवकरपर्यंत, कुणी विहिरीत पडलं आणि वर आलं नाही, तर काढायला त्यांना बोलवायचे. दुसरा उपाय गळाचा. बादली पडली की काढायला चार आकड्यांचा लोखंडी गळ दोरीनं खाली सोडतात, तो. आबांना त्याची चीड होती. "मानूस म्हंजी काय बादली हाय व्हय, आकडा लावून वढायला? हातानं धरून आणायचं. आईबापाला दिसायचं असतंय त्ये." असं झालं की ते परत येऊन अंगणाबाहेरच अंघोळ करायचे, काकी न बोलता कढत पाणी ओतायची. नंतर तीन दिवस आबा आमच्याशी खेळायचे नाहीत, कांदा सोलावा तसं शांतपणे काहीतरी काम करत बसायचे. चौथ्या सकाळी हातांवर चालत ओसरीवर आले की आम्ही समजायचो, झालं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी तात्यांनी विषय काढला. ओसरीवर गुरुजी बसले होते. गुरुजी म्हणजे शेजारच्या वस्तीवरचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, आबांचे दोस्त. दोघं दुसरीपर्यंत एका वर्गात होते. पुढं गुरुजी शिकत गेले आणि आबा मेंढरांमागं गेले. गुरुजींची वस्ती त्यांच्या तरुणपणी बौद्ध झालेली. त्यांच्या ओट्यावरून आत पाहिलं की समोर बुद्धाची तसबीर आणि खाली पुस्तकांचं कपाट दिसायचं. रोज संध्याकाळी ते पेपर घेऊन आमच्याकडं यायचे आणि आबांना वाचून दाखवायचे. वर्गमित्र असूनही आबा त्यांना 'गुरुजी, तुमी' म्हणायचे आणि गुरुजी त्यांना 'म्हंकू, तू'. यावर कुणी हसलं तर गुरुजी सांगायचे, "दुसरीत हा माझी पाटी चाटून पुसायचा. तेव्हापासून असंच आहे."

तात्या म्हणाले, "आबा, ह्ये इहिरीतलं काढायला जायचं आता बंद करा. लोकांना काय, त्यास्नी कोनतरी पायजे."

आबा म्हणाले, "दम हाय तवर जाणार. संगी मोजती न्हवं? ज्या दिशी शंभराच्या आत आलो त्या दिशी पाणी सोडलं. मग अंगुळीला बी तांब्याच घीन."

गुरुजींनी पेपरावरून मान वर केली आणि म्हणाले, "हे बरं आहे. परीक्षा ठेवली की." सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी बुडी मारली आणि मी मोजायला लागले. मागच्या वर्षी एकशे पंधरापर्यंत गेले होते. मी डोळे मिटून एकेक मेंढरू बाहेर सोडत होते आणि एकसष्टाला पाण्याचा आवाज झाला. डोळे उघडले तर आबा पायरीला धरून तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते. ओठ काळसर झाले होते. दत्ता लांब दुसऱ्या कोपऱ्यात पोहत होता, त्याचं लक्ष नव्हतं. आबांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि माझ्याकडं बघून हसत विचारलं, "किती गं?"

एकसष्ट म्हणाले असते तर त्याच दिवशी सगळं संपलं असतं. आबांनी शब्द दिला होता आणि शब्द फिरवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मग विहीर नाही, गारगोटी नाही, मोजणं नाही, मी नाही. मी म्हणाले, "एकशे चार."

"व्हय?" आबांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं मी फार मोठं पुण्य केलं. ते वर येऊन अंगणभर सांगत सुटले. रात्रभर माझ्या मनाला मात्र टोचणी लागली, खोटं बोलल्याची. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी युक्ती काढली. सरळ खोटं बोलायचं नाही, भरभर मोजायचं. वाघरीचं तोंड मोठं केलं आणि दोन-दोन मेंढरं एकदम सोडायला लागले. मोजलेला आकडा खराच सांगत होते ना, मग पाप कसलं? आबा पन्नासावर आले तर माझे शंभर, साठावर आले तर एकशे वीस. पाण्याखाली आपल्याला वेळ कळत नाही, हे आबाच सांगायचे. खाली सगळंच लांब वाटतं, म्हणून तर वर कुणी मोजणारं लागतं. त्यांनी एकदाही संशय घेतला नाही. एके दिवशी मी सव्वाशेवर नेऊन ठेवलं. त्या संध्याकाळी त्यांनी गुरुजींना पेपर उघडूच दिला नाही. "वाचायचं ऱ्हाऊ द्या गुरुजी. आदी ह्ये ऐका. सव्वाशे! पोरीनं मोजलाय."

आज मी त्या पोरीकडं बघते तेव्हा तिला मारावंसं वाटतं आणि जवळही घ्यावंसं वाटतं. तिला खेळ चालू ठेवायचा होता. आबांचा तो खेळ नव्हताच, ते स्वतःला तपासत होते, हे तिच्या डोक्यात शिरलं नाही. शिरलं असतं तरी ती थांबली असती का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

सुट्टी संपायला आठवडा राहिला होता. दुपारची जेवणं झाली होती, काकी भांडी घासत होती. बांधावर माणूस आला तो सायकल टाकूनच पळत आला. गुरुजींचा मिलिंद विहिरीत पडला होता. मिलिंद त्यांचा उशिरा झालेला एकुलता मुलगा, नुकताच लोणी देवकरला कारखान्यात लागलेला, सुट्टीला घरी आलेला. मोटर पाणी उचलेना म्हणून पाइपाच्या बुडाशी काय अडकलंय ते बघायला खाली उतरला, शेवाळलेल्या पायरीवरून घसरला, डोकं आपटलं आणि खाली गेला. पोहता येत नव्हतं. तास होऊन गेला होता. आबा उठले. या वेळी त्यांनी टॉवेलसुद्धा घेतला नाही. तात्या मागं, दत्ता मागं, मीही मागं पळाले. मला कुणी थांबवलं नाही, कारण कुणाचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

गुरुजींच्या विहिरीवर माणसं जमली होती, पण गलका नव्हता. पोलीस पाटील आले होते. वीज मघाशीच गेली होती ती रात्रीपर्यंत येणार नव्हती, त्यामुळं पाणी उपसायचा प्रश्न नव्हता. आमच्या विहिरीत दोन पुरुष पाणी, इथं पाच पुरुषांच्या वर. कुणीतरी गळ आणून कडेला ठेवला होता. गुरुजी मातीत बसले होते. आबांना बघून ते उठले नाहीत, फक्त म्हणाले, "म्हंकू, पोराला गळ लावू देऊ नको."

"न्हाय लावू देत. मी हाय न्हवं," आबा म्हणाले आणि सदरा काढायला लागले.

तात्यांनी त्यांचा दंड धरला. "आबा, हितं पाणी लई हाय. थंड हाय. तुमी उतरू नगा, म्या सांगतो."

"सोड."

"आबा, वय झालंय."

तेव्हा आबांनी माझ्याकडं बोट केलं. "तिला इचार. परवाच्या दिशी सव्वाशे मोजलं तिनं. काय संगे, व्हय का न्हाय?"

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. तात्या, पोलीस पाटील, मातीत बसलेले गुरुजी. बोलायची ती वेळ होती. त्यानंतर आयुष्यात माझ्यावर पुष्कळ वेळा आल्या, नोकरीत, सासरी, पण तेवढी सोपी कुठलीच नव्हती. दोन शब्द लागत होते. मी मान हलवली. होय अशी.

आबा खाली गेले आणि माझ्या तोंडून आपोआप आकडे सुरू झाले, या वेळी खरे, एकामागं एक. बेचाळीसला ते वर आले, हात रिकामे. पायरीला धरून खोकत राहिले.  दुसऱ्यांदा गेले ते चाळीसच्या आतच वर आले, आणि या वेळी त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी मान खाली घातली. तिसऱ्या वेळी ते पुरते खाली गेलेच नाहीत. तात्यांनी पाण्यात उतरून त्यांना धरून बाहेर काढलं. ते तात्यांना ढकलत होते, "मला जाऊ दी, दम हाय माजा, सोड," असं म्हणत होते आणि त्यांना उभं राहता येत नव्हतं. दिवस कलायला लागला तेव्हा पोलीस पाटलांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी काहीच खूण केली नाही. मग दोघांनी गळ उचलला. गळ कुठं लागला ते मी लिहिणार नाही. आबा ओल्या धोतरानं गुरुजींच्या भिंतीकडं तोंड करून बसले होते आणि गुरुजी त्यांच्या शेजारी जाऊन तसेच बसले.

मी बारामतीला परतले. शाळा सुरू झाली. दिवाळीत पुन्हा गेले तेव्हा फाट्यावर बाभळीखाली कुणी नव्हतं. कंडक्टर दारातून वाकला, इकडंतिकडं बघितलं आणि सरळ झाला. आबा ओसरीवर पडून होते. आजार असा काही नव्हता. विहिरीकडं जात नव्हते, हातांवर चालणं नाही, थट्टा नाही. काकी सांगायची, माडगं पुढं ठेवलं तर निववून ठेवतात. गुरुजी मात्र रोज संध्याकाळी येत होते. स्वतःचा मुलगा गेलेला माणूस पायरीवर बसून पेपर वाचायचा आणि आबा भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. ऐकत होते की नाही, कुणास ठाऊक.

भाऊबिजेच्या दुपारी ओसरीवर आम्ही दोघंच होतो. आबांनी मला जवळ बोलावलं.

"संगे, तुला येक सांगतू. कुणाला बोलू नगं." मी बसले. "दुसऱ्या बुडीला पोराचा हात मला लागला हुता. मनगाट धरलं हुतं म्या. आन् सोडून दिलं."

त्यांनी स्वतःचा तळवा उघडून बघितला.

"दम हुता गं. तू मोजल्याला दम. निम्मा बी सपला नसंल. छातीत कायतरी झालं आन् मी भ्यालो. जलमभर लोकांची माणसं आणली, आन् दोस्ताचं पोर हाताला लागलं तर भिऊन पळून आलो. गुरुजी रोज येत्यात. म्या तोंड कुठं लपवू?"

आबा भ्याले नव्हते. त्यांच्यात तेवढाच श्वास शिल्लक होता आणि तो संपेपर्यंत त्यांनी ते मनगट धरून ठेवलं होतं. हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे असं मला तेव्हा वाटत होतं, आणि ते माणूस त्यांच्या उशाशी बसलं होतं. मला सांगायचं होतं, खरंच होतं. पण सांगितलं असतं तर हे सगळं माझ्यामुळं झालं असं ठरलं असतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती. मी उठले आणि म्हणाले, "आबा, पाणी आणू का?" त्यांनी मान हलवली. मी आत गेले ती बाहेर आलेच नाही, दत्ताला तांब्या घेऊन पाठवलं.

शिमग्याच्या आधी आबा गेले. निरोप कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर आला आणि वडील पाळी सोडून घरी आले. दहाव्याला पाहुणे जेवून पांगले, बायका भांडी गोळा करत होत्या. गुरुजी कडुनिंबाखाली एकटेच बसले होते, हातात पेपर नव्हता. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. आता तरी सांगायचं, असं ठरवून गेले होते. पण त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली, माझी समजूत घालावी म्हणून.

"तुझ्यावर फार जीव होता त्याचा," ते म्हणाले. "तुला एक सांगतो. त्या दिवशी माझं पोर तर गेलेलंच होतं. पण म्हंकू खाली गेला आणि मला त्याची धास्ती वाटली. मी हातातल्या घड्याळाकडं बघत बसलो होतो. दोन्ही बुड्यांना चाळीस-बेचाळीस सेकंदांच्या वर तो टिकला नाही. मला तेव्हाच कळलं, की याचा दम उतरलाय. पुढं तो मनाला लावून घ्यायला लागला, मी भ्यालो, मी भ्यालो म्हणायला लागला. मी त्याला कितीदा सांगितलं, अरे म्हंकू, तू भ्याला नाहीस, तुझा दमच तेवढा उरलाय, मी घड्याळ लावून बघितलंय. ऐकेना. शेवटी काय म्हणाला ठाऊक आहे?"

मला ते ऐकायचं नव्हतं. पण मी विचारलं, "काय?"

"म्हणाला, तुमचं घड्याळ चुकतंय गुरुजी. माझी संगी मोजती."

मागं काकी पातेलं घासत होती. त्या आवाजात मी बोलले. "गुरुजी, मी खोटं मोजत होते. सुट्टीभर. ते थांबू नयेत म्हणून."

गुरुजींनी चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हे मला मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मारलं नाही. डोक्यावर हातही ठेवला नाही.

"त्याला सांगायचं होतंस, पोरी," ते म्हणाले. "हसला असता तो."

खरं होतं ते. आबा हसले असते.